थांबण्याचे बळ

दिवाळी तोंडावर आली की आमच्या जालना जिल्ह्यात गावोगाव व्यापाऱ्यांचे काटे लागतात. पहिल्या वेचणीचा कापूस अजून नीट वाळलेलाही नसतो. पण पोरांचे कपडे व्हायचे असतात, खत-बियाण्यांची उधारी फेडायची असते. मग काट्यावरचा माणूस सांगेल तो भाव! या शेतकऱ्यावर कोणाची सक्ती नाही. पण म्हणून तो स्वतंत्र आहे काय?

१९७९ साली ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. किराणा दुकानदाराची ही मुलगी. सरकारने बाजारात लुडबूड करू नये, ज्याने त्याने स्वतःच्या कष्टावर उभे राहावे, हा त्यांचा बाणा. त्याच वर्षी इकडे शरद जोशींनी शेतकरी संघटना उभारली. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले होते. शेतकऱ्याला भीक नको, घामाचे दाम हवेत, आणि त्या दामाच्या आड सरकारच येते, असे ते सांगत. एकीने हा विचार दुकानाच्या गल्ल्यावरून मांडला, दुसऱ्याने शेताच्या बांधावरून.

जोशींचे म्हणणे पोकळ नव्हते. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू चांगला, व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा. पण कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्या कोणाला नाही! राखणदार आला तो दाराला बाहेरून कडी घालून बसला.

आज ती कडी निघाली आहे. तरीही कापूस पडेल भावाने जातोच. कारण दुसरी कडी गरजेची आहे, आणि ती आतून लागलेली असते. ‘नाही, आज विकत नाही’ असे म्हणण्याचे बळ ज्याच्यापाशी नाही, त्याला खुला बाजार म्हणजे उघडे माळरानच. थॅचरबाईंच्या विचारात ही दुसरी कडी मला कुठे दिसत नाही. जोशींना मात्र ती घरातच दिसली असावी. ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत त्यांनी शेतकऱ्यांना थोडी जमीन बायकोच्या नावे करायला लावली. पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर स्वातंत्र्य कशावर उभे राहणार?

लक्ष्मीपूजनाला आपण घराचे दार उघडे ठेवतो. पण घरातल्या माणसाला, लक्ष्मी येईपर्यंत, उपाशी न राहता वाट पाहता आली पाहिजे. तेवढी सोय करणे ही दया नव्हे. स्वातंत्र्याची ती पहिली पायरी आहे.