यश कोणाचे?

यश मिळाले की श्रेय कोणाला द्यायचे, हाताला की अवजाराला?

रॉजर फेडरर बरीच वर्षे ९० चौरस इंच जाळीच्या रॅकेटने खेळला. २०१४ साली त्याने ९७ चौरस इंचांची घेतली. तिच्या उभ्या तारा जनावराच्या आतड्याच्या, आडव्या पॉलिस्टरच्या. आतड्याची तार लवचिक, चेंडूला जोर देणारी. पॉलिस्टरची कडक, चेंडूवर ताबा ठेवणारी. २०१७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. मग जिंकले कोण? रॅकेट बाजारात मिळते, तो हात मिळत नाही, असे आपण चटकन म्हणतो.

पण १९७७ आठवावे. त्या वर्षी 'स्पॅगेटी' रॅकेट आली. तिच्या तारा एकमेकींत विणलेल्या नसत, त्यामुळे चेंडू विलक्षण फिरे. ती घेऊन इली नस्तासेने गिलेर्मो विलासची मातीच्या कोर्टवरील सलग ५३ विजयांची मालिका तोडली. दोन सेट गमावून विलास सामना सोडून निघून गेला. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नियम करून ती रॅकेट कायमची बाद केली.

म्हणजे अवजारातही ताकद असते, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले. नियमात बसणाऱ्या रॅकेटमध्येही ती असतेच. म्हणून 'सारे माझ्याच मेहनतीचे' हे जिंकणाऱ्याचे बोलणे अर्धेच खरे. 'सारा दोष रॅकेटचा' हे हरणाऱ्याचेही तसेच.

वर्गात गुण देताना आम्हा शिक्षकांना हाच प्रश्न पडतो. एकाकडे शिकवणी आणि स्वतंत्र खोली, दुसऱ्याकडे भावाची जुनी पुस्तके. गुण हाताचेच द्यावेत. पण कोणाला हुशार आणि कोणाला ढ म्हणण्याआधी त्या हातात काय होते, हे विचारावे. इन्साफ तिथूनच सुरू होतो.