एका टेबलावरचे दोन कौल

फिनलंडच्या तिमो सोइनी यांचे एक ठरलेले वाक्य होते : जिथे युरोपीय महासंघ, तिथे अडचण. २०११ च्या निवडणुकीच्या तोंडावर पोर्तुगालला कर्ज देऊन सावरण्याचा प्रश्न पुढे आला आणि या वाक्याला धार चढली. आधीच्या संसदेत पाच जागा असलेल्या त्यांच्या फिन्स पक्षाला ३९ जागा मिळाल्या. सत्तेत जाणे शक्य होते, पण पोर्तुगालच्या मदतीला मान डोलवावी लागेल म्हणून सोइनी विरोधी बाकांवर बसले. २०१५ मध्ये मात्र ते सरकारात गेले आणि परराष्ट्रमंत्री झाले. दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ग्रीसच्या तिसऱ्या कर्जाचा प्रश्न दारात उभा राहिला. फिनलंडने संमती दिली आणि सोइनी सरकारातच राहिले.

ब्रसेल्सच्या नावाने बोटे मोडत निवडून यायचे आणि खुर्ची मिळाली की मवाळ व्हायचे, ही तक्रार युरोपात जुनी आहे. तिच्यात तथ्य आहे. पण खुर्चीचा मोह एवढे एकच कारण तिला पुरत नाही, असे मला जुलै २०१५ चा तो आठवडा पाहून ठामपणे वाटते.

त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ग्रीसचे पंतप्रधान अॅलेक्सिस त्सिप्रास बसले होते. त्यांना युरो सोडायचा नव्हता. कर्जासोबत लादलेली काटकसर झुगारायची होती. जानेवारीत ते त्या आश्वासनावर निवडून आले. ५ जुलैला त्यांनी सार्वमत घेतले आणि ६१ टक्के ग्रीकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. तेव्हा ग्रीसमधल्या बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते. १३ जुलैच्या सकाळी, सुमारे १७ तासांच्या बैठकीनंतर, त्सिप्रास यांनी ८६ अब्ज युरोंपर्यंतच्या कर्जासाठी पूर्वीपेक्षाही कडक अटी मान्य केल्या.

म्हणजे एकाच आठवड्यात दोन शब्द मोडले. ग्रीक मतदाराला सांगितले होते, अटी मानणार नाही. फिनिश मतदाराला सांगितले होते, पैसे देणार नाही. दोन्ही कौल लोकशाहीतून आले होते, दोन्ही खरे होते आणि दोन्ही एकाच वेळी पाळले असते तर ग्रीस युरोतून बाहेर पडला असता, जे ग्रीकांनाही नको होते. सोइनी स्वतः त्या बैठकीत नव्हते. पण असते तरी काय करणार होते? युरो क्षेत्राच्या मदतनिधीत आणीबाणीच्या वेळी ८५ टक्के मतांनी निर्णय होऊ शकतो आणि फिनलंडचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत आहे. ब्रसेल्सविरोधी नेता प्रचारात ब्रसेल्सशी भांडतो, पण निवडून आल्यावर त्याच्यासमोर जो बसतो तो दुसऱ्या देशाच्या मतदारांनी पाठवलेला माणूस असतो. त्यानेही घरी शब्द दिलेला असतो. ही गोष्ट प्रचारसभेत कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते फसवणूक होते ती तिथे, नंतरच्या बैठकीत नव्हे.

पुढे काय झाले, त्यातही फरक आहे. त्सिप्रास यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, स्वाक्षरी केलेला करार घेऊन सप्टेंबरमध्ये पुन्हा लोकांपुढे गेले आणि जिंकले. सोइनी तसे गेले नाहीत. जून २०१७ मध्ये पक्षाने त्यांच्या जागी युस्सी हल्ला-अहो यांना अध्यक्ष केले. त्यात स्थलांतराचा प्रश्न मोठा होता, पण सरकारात विरघळल्याचा रागही होता. सोइनी आणि त्यांचे मंत्री पक्षातून फुटले. २०१९ मध्ये त्या फुटीर गटाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. मूळ पक्षाला पुन्हा ३९ जागा मिळाल्या.

ब्रिटनची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. बोरिस जॉन्सन नोव्हेंबर २०१८ मध्ये बेलफास्टला डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाच्या अधिवेशनात गेले आणि म्हणाले की ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये तपासण्या आणि जकात आणणारा करार कोणतेही हुजूर सरकार करू शकत नाही, करूही नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सन इंग्लंडमधल्या थॉर्न्टन मॅनर येथे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांना भेटले.  त्या भेटीतून निघालेल्या वाटेने जकातीची रेघ आयरिश समुद्रात ओढली गेली. नोव्हेंबरमध्ये जॉन्सन उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना सांगत होते की कोणी फॉर्म भरायला सांगितला तर तो कचऱ्यात टाका. तपासण्या आल्याच. जॉन्सन यांनी ब्रेक्झिट घडवून दाखवले, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले. ध्येयाशी ते प्रामाणिक राहिले असे म्हणता येईल. बेलफास्टच्या त्या सभागृहातल्या माणसांशी ते राहिले नाहीत, आणि शब्द मोडला हेही त्यांनी मान्य केले नाही. ध्येयनिष्ठा मोजताना ही दुसरी बाजू सुटता कामा नये.

कसोशीने निष्ठा पाळणारेही होते. २९ मार्च २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार तिसऱ्यांदा मताला आला तेव्हा जॉन्सन आणि कट्टर ब्रेक्झिटवादी खासदार रीस-मॉग यांनीही तो स्वीकारला. हुजूर पक्षातले २८ ब्रेक्झिटवादी खासदार मात्र हटले नाहीत. आणि २०१९ मध्ये युरोपीय संसदेत निवडून आलेल्या ब्रेक्झिट पक्षाच्या २९ जणांनी आपली स्वतःची जागा, पगार आणि कार्यालय नाहीसे होईल असाच प्रयत्न केला व तो तडीस नेला. त्यांच्या मताशी मी सहमत नाही, पण राजकारणात हे दुर्मीळ आहे.

फ्रान्सच्या मरीन ल पेन यांनी तर निवडून येण्याआधीच माघार घेतली. २०१७ मध्ये युरो सोडण्याची भाषा करत त्या मॅक्राँ यांच्याकडून मोठ्या फरकाने हरल्या. फ्रेंच माणसाला ब्रसेल्सचा राग होता, पण बँकेतली बचत युरोतच हवी होती. २०२२ पर्यंत युरो सोडण्याचा मुद्दा त्यांच्या कार्यक्रमातून गेला. इटलीत मेलोनी यांचेही तेच : युरोतून बाहेर पडण्याची एकेकाळची मागणी मागे राहिली, आणि महासाथीनंतरच्या पुनर्बांधणी निधीचा सर्वात मोठा वाटा, सुमारे १९४ अब्ज युरो, इटलीच्याच पदरात पडणार होता. नेत्याची दुटप्पी भूमिका आपण सहज पकडतो. मतदाराची तशी पकडत नाही.

मला या सगळ्यात आदर्श वाटतात ते ब्रिटनच्या मजूर पक्षाचे दोन जुने नेते. टोनी बेन यांनी १९७५ चे सार्वमत मागितले, युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वाविरुद्ध प्रचार केला आणि हरले. ६७ टक्क्यांचा कौल त्यांनी जाहीरपणे स्वीकारला, मंत्रिमंडळात राहिले आणि १९७७ मध्ये ब्रिटनकडे अध्यक्षपद असताना युरोपीय ऊर्जामंत्र्यांच्या बैठका चालवल्या. मत मात्र बदलले नाही. जे आपल्यावर कायदे करतात त्यांना आपण काढू शकलो पाहिजे, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. नील किनॉक यांनीही १९७५ मध्ये विरोधात प्रचार केला होता. त्यांचे मत बदलले आणि १९९५ मध्ये ते युरोपीय आयुक्त म्हणून ब्रसेल्सला गेले. पण तोवर बाहेर पडण्याची मागणी सोडलेला जाहीरनामा घेऊन ते पक्षनेते म्हणून १९८७ आणि १९९२ अशा दोन निवडणुकांत मतदारांपुढे उभे राहिले होते. दोन्ही ते हरले.