श्वापदाची खूण शोधता शोधता



आजचं वाचन: प्रकटीकरण १३:११-१८ आणि त्याला लागूनच १४:१-५.

आधी शास्त्र उघडून हा भाग वाचून घ्या, मग पुढे या. समुद्रातून आलेलं श्वापद, भूमीतून आलेलं दुसरं श्वापद, उजव्या हातावरची किंवा कपाळावरची खूण आणि ६६६. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी तिघांनी मला याच भागाबद्दल विचारलं. उत्तर द्यायला मी उशीर केला, कारण या भागाबद्दल मला आधी एक कबुली द्यायची आहे.

मार्च २०२१. साठीच्या वरच्या लोकांना कोविडची लस मिळायला लागली होती. मला एक व्हिडिओ आला. सुरुवातीला क्रूसाचं चित्र, खाली १३ व्या अध्यायाचा संदर्भ आणि मागून एक गंभीर आवाज: लस हीच श्वापदाची खूण आहे, सावध व्हा. मी तो अर्धाच बघितला. वर "प्रार्थनापूर्वक विचार करा" असं लिहिलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकून दिला. दोन सेकंदांचं काम. मग मीटिंगला बसलो.

माझ्या मावशीने तो पूर्ण बघितला. तिने लस घेतली नाही. एप्रिलच्या शेवटी तिला ताप आला आणि मे महिन्यात एकोणीस दिवस ती ऑक्सिजनवर होती. देवाच्या कृपेने ती घरी आली. मी माफी मागायला गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे बाळा, तू पाठवलंस म्हणून मला खरं वाटलं. तू इंजिनिअर ना."

त्या रात्री मी १३ वा अध्याय पुन्हा वाचायला घेतला. खरं तर पहिल्यांदाच नीट वाचला.

चिन्हांचा अर्थ कुठे शोधायचा?

ऑफिसमध्ये दुसऱ्याचा जुना कोड हातात आला की आपण पहिल्यांदा काय करतो? लिहिणाऱ्याने सोबत काही नोट्स ठेवल्यात का ते बघतो. योहानाने नोट्स ठेवल्या आहेत! १:२० मध्ये सात समया म्हणजे सात मंडळ्या, असं तो स्वतः सांगतो. १२:९ मध्ये अजगर कोण ते सांगतो: तोच जुना साप, सैतान. १७:९ मध्ये श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि १७:१५ मध्ये पाणी म्हणजे लोक आणि राष्ट्रं. सात टेकड्यांचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या वाचकाला रोम सोडून दुसरं काही सुचलंच नसतं.

बाकीच्या चिन्हांसाठी मागे जावं लागतं. प्रकटीकरणात सुमारे ४०० वचनं आहेत आणि त्यातली कितीतरी जुन्या कराराचे शब्द आणि चित्रं घेऊन बोलतात. दानीएल ७ काढा. तिथे समुद्रातून चार श्वापदं येतात: सिंहासारखं, अस्वलासारखं, चित्त्यासारखं, आणि चौथं दहा शिंगांचं. चित्त्यासारख्याला चार डोकी आहेत, म्हणजे चौघांची मिळून डोकी सात. आता योहानाचं श्वापद बघा: अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, डोकी सात, शिंगं दहा. चारही एकात आली आहेत. दानीएल ७:१७ सांगतं की ती श्वापदं म्हणजे राजे, राज्यं. म्हणजे योहान आपल्याला अशी सत्ता दाखवतोय जिच्यात आधीच्या सगळ्या जुलमी सत्तांचं रक्त उतरलंय आणि जी माणसांकडे करापलीकडे उपासनाही मागते.

पहिल्या वाचकांना ही भविष्यातली भीती नव्हती, ते त्यांचं रोजचं जगणं होतं. सात मंडळ्यांपैकी एक पर्गम. तिथे इ. स. पूर्व २९ पासून रोम आणि औगुस्त कैसर यांच्या नावाचं मंदिर होतं. अंतिपा नावाच्या साक्षीदाराला तिथेच ठार मारलं गेलं (२:१३). पुढे इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहून कळवतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना तो सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो. वाहिला तर सुटका, हट्ट धरला तर मरण. शेजारी वाहतोय, व्यापारातला भागीदार वाहतोय, तुम्ही मात्र नाही म्हणताय. मग धंदा कसा चालणार? खरेदी-विक्री बंद होण्याची गोष्ट तिथे सगळ्यांना लगेच कळत होती.

आणि ६६६?

हिब्रूत अंकांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत असायची. "नेरोन कैसर" हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे. नावाचा लॅटिन उच्चार "नेरो" घेतला तर शेवटचा नून जातो, ५० कमी होतात आणि ६१६ उरतात. बरेच अभ्यासक म्हणूनच मानतात की योहानाच्या डोळ्यांपुढे नीरो होता. इ. स. ६४ मध्ये रोमला आग लागल्यावर ज्याने ख्रिस्ती लोकांना छळून मारलं, तोच.

पण सगळे असं मानत नाहीत. दुसऱ्या शतकाच्या शेवटी लिऑनचे बिशप इरेनियस यांनी या आकड्यावर लिहिलं. त्यांनी दोन-तीन नावं तपासली आणि शेवटी सांगितलं की घाईने कोणाचं नाव घोषित करण्यापेक्षा थांबणं बरं. योहानाच्या इतक्या जवळच्या काळातला माणूस एवढी सावधगिरी ठेवतो, आणि मी? मी दोन सेकंदांत फॉरवर्ड केलं.

घाई करणारा मी पहिला नाही. कोणी पोपला श्वापद म्हटलं, कोणी नेपोलियनला. पुढे दुकानातल्या बारकोडवर संशय आला. त्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ज्या लांब रेघा असतात त्या म्हणे तीन सहा. त्या रेघा आकडे नाहीतच. कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे स्कॅनरला कळावं म्हणून त्या असतात. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलवर यावर रात्री दोनपर्यंत चर्चा चालली होती. २२ मे उजाडला, आणि परीक्षेचा अभ्यास तसाच पडलेला होता.

आणखी एक गोष्ट तपासून बघा. "ख्रिस्तविरोधी" हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पत्रांत येतो, आणि १ योहान २:१८ मध्ये तो म्हणतो की असे पुष्कळ जण आत्ताच उठले आहेत. म्हणजे हा प्रश्न फक्त शेवटच्या एका माणसाचा नाही. शेवटी असा कोणी एक येईल असं मानणारे विश्वासणारे आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण तो येईपर्यंत बाकीच्यांना ओळखायचं कसं, हे तर आजच शिकायला हवं.

हात आणि कपाळच का?

मला सगळ्यात जास्त हलवलं ते अनुवाद ६:८ ने. देव इस्राएलाला म्हणतो की माझी वचनं हाताला चिन्ह म्हणून बांध आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्ये लाव. हात आणि कपाळ! म्हणजे तू जे करतोस आणि जो विचार करतोस, दोन्हीवर माझं नाव असू दे. श्वापद नेमकी तीच जागा मागतं. त्याची खूण ही देवाच्या खुणेची नक्कल आहे.

आता १३:१८ वरून थेट १४:१ वर या, मध्ये थांबू नका. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, योहानाने तिथे रेघ मारलेली नाही. ६६६ च्या लगेच पुढे कोकरा सियोन डोंगरावर उभा दिसतो, आणि त्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. आपण १३ व्या अध्यायात इतके अडकतो की हे दुसरं नाव वाचायचंच राहून जातं. तो व्हिडिओसुद्धा १३:१८ ला संपला होता.

यहेज्केल ९:४ मध्येही देव कपाळावर खूण करवतो. कोणाच्या? जे शहरातल्या अन्यायामुळे उसासे टाकतात त्यांच्या. ही खूण शाईची नाही आणि चिपचीही नाही. न कळत, सुईतून ती कोणाच्या अंगात शिरत नाही. योहान तिला सतत उपासनेशी जोडतो (१४:९). कोणापुढे गुडघे टेकायचे हे माणूस ठरवतो, आणि मग त्याच्या डोक्यातून आणि हातातून ते दिसायला लागतं.

दुसरं श्वापद

११ व्या वचनातलं हे श्वापद बघा. शिंगं दोन, कोकऱ्यासारखी. बोलणं अजगरासारखं. पुढे १९:२० मध्ये त्यालाच खोटा संदेष्टा म्हटलंय. म्हणजे दिसण्यावरून तो ओळखू येणार नाही, आवाजावरून येईल.

इथे मी पुस्तक बाजूला ठेवलं. त्या व्हिडिओला क्रूस होता, वचन होतं. शिंगं कोकऱ्याचीच होती. पण आवाज? आवाज भीतीचा होता. आणि तो आवाज माझ्या फोनवरून, माझ्या नावाने, मावशीच्या घरात गेला. मी जगभर श्वापद शोधत होतो, आणि त्या दिवशी त्याचा निरोप मीच पोचवला.

कोकऱ्याचा आवाज कसा असतो? १:१७ मध्ये योहान भयाने पायाशी पडतो, तेव्हा प्रभू त्याच्यावर उजवा हात ठेवून पहिल्यांदा भीती काढून टाकतो. इशारे प्रभूही देतो, लावदिकीयाला किती कडक बोलला! पण त्यातही तो दार ठोठावतो आणि सोबत जेवायला बसू पाहतो (३:२०). अजगर घाबरवून एकटं पाडतो. कोकरा सावध करतो आणि जवळ घेतो.

म्हणून मित्रांनो, शेवटच्या काळाबद्दल पुढचा मेसेज आला की फॉरवर्ड करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. शास्त्राने या चिन्हाचा अर्थ स्वतः कुठे दिलाय का? हे ऐकून प्रभूवरचं माझं प्रेम वाढतंय की नुसती धडधड? आणि माझ्यावर विश्वास ठेवणारं कोणी हे खरं मानून वागलं, तर त्याची जबाबदारी मी घेईन का?

मावशी आता बरी आहे. नंतर तिने दोन्ही डोस घेतले, मीच घेऊन गेलो होतो. रांगेत बसल्या बसल्या तिने १४ वा अध्याय काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चष्मा विसरले, तूच वाच मोठ्याने." मी वाचला. आजूबाजूचे दोघे-तिघे ऐकत होते.

प्रार्थना

हे प्रभू येशू, वधलेल्या कोकऱ्या, तुझं नाव आमच्या कपाळावर आणि आमच्या हातांवर असू दे. आम्ही भीतीने जे बोललो आणि पसरवलं त्याची क्षमा कर. ज्यांना त्यामुळे इजा झाली त्यांच्याकडे जाऊन ते कबूल करायचं धैर्य दे. तुझा आवाज ओळखायला शिकव, आणि आमच्या तोंडून लोकांना तोच ऐकू येऊ दे. आमेन.

उद्याचं वाचन: प्रकटीकरण १४:६-१३. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.