शंका आणि भूतदया

देव आहे आणि तो दयाळू आहे, हे वारकऱ्याला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. घरातल्या बोलण्या-चालण्यातूनच ते अंगी लागते. गळ्यात माळ पडते, एकादशी सुरू होते, वारीमागून वारी घडते. अडचण येते ती पुढे. पाऊस दोन-दोन वर्षे तोंड दाखवीत नाही, घरातला कर्ता माणूस जातो, गावात रोगाची साथ शिरते. आणि हरिपाठ म्हणता म्हणता ओठ थांबतात. मन विचारते, "हा ऐकतोय का? ऐकत असेल तर मग असं का?" आणि हे बोलायचीही चोरी! दिंडीत बोलावे तर लोक म्हणतील, माळ घालून असले बोलतो. म्हणून माणूस गप्प राहतो, टाळ वाजवीत राहतो आणि आतून सुकत जातो.

अशा माणसाने काय करावे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आपण काय करावे, या दोन प्रश्नांचा थोडा विचार संतकृपेने येथे करावयाचा आहे.

प्रथम शंकेविषयी. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याचा नाश सांगितला आहे. तेवढाच आधार पुढे करून शंका हेच महापाप, असे पुष्कळ जण सांगतात. पण भगवंतांनी तेथे एकट्या संशयाचे नाव घेतलेले नाही. अज्ञान, अश्रद्धा आणि संशय यांची संगत सांगितली आहे. शिवाय हे ज्याला सांगितले तो अर्जुन कोण? धनुष्य खाली टाकून प्रश्नावर प्रश्न विचारणारा! त्याने शंका काढल्याच नसत्या, तर गीता कोणासाठी सांगितली असती?

शंकेच्या दोन जाती आहेत. एक शंका पळवाट शोधते. तिला उत्तर नकोच असते. नेम सुटावा, दानधर्म टळावा, एवढाच तिचा मतलब. दुसरी शंका रडते. देवावाचून चालत नाही म्हणूनच ती देवाशी भांडते. परक्याच्या दारात कोणी रुसून बसत नाही. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या दिल्या, त्या आपण कीर्तनात कौतुकाने ऐकतो. मग शेजारच्या विधवेने तेच शब्द काढले तर आपल्या कपाळाला आठ्या का पडाव्यात?

तुकोबारायांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहावे. सन १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. आई-वडील आधीच गेले होते. दुष्काळात व्यापार बसला, थोरली पत्नी उपासमारीने गेली, तिच्यामागे मुलगाही गेला, असे परंपरा सांगते. अशा माणसाने काय करावे? उरलेसुरले जपावे, कुळांकडून येणे वसूल करावे, हा संसाराचा न्याय. तुकोबांनी काय केले? भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. ज्या दुष्काळाने आपले घर पोळले, त्यानेच कुळांचीही घरे पोळली आहेत, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कर्जखते बुडाली ती आधी; अभंगरचना त्यानंतरची. आणि त्या अभंगांत देवाशी केवढे भांडण आहे! देव आपल्या लेखी उरलाच नाही, इथपर्यंत ते बोलून गेले आहेत. म्हणजे मनातले सगळे प्रश्न सुटले, समाधान झाले, आणि मग दया केली, असा क्रम नाही. भांडण उभे राहावयाचे होते, तरी लोकांचे ओझे उतरवून झाले होते. दया करायला शंका फिटण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपण मात्र म्हणतो, "आधी मन थाऱ्यावर येऊ दे, मग बघू." मन थाऱ्यावर येईपर्यंत शेजारचे लेकरू उपाशी निजते, त्याचे काय?

आता दुसरा प्रश्न: दुःखी माणसाशी कसे वागावे? आपल्याकडे एक वाईट सवय शिरली आहे. कोणाच्या घरी मृत्यू झाला की आपण तेथे जाऊन प्रारब्धाचे निरूपण करतो. सन २०२० आणि २०२१ या दोन सालांत कोरोनाच्या साथीने हे फार दिसले. मार्च २०२० मध्ये पांडुरंगाचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी नेहमीचा पायी सोहळा निघाला नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. जन्मात वारी न चुकलेली माणसे घराच्या ओट्यावर बसून रडली. त्याहून कठीण म्हणजे कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे तोंडही पाहता आले नाही.

अशाच एका माउलीचा तरणा मुलगा गेला. भेटायला आलेल्या एका जाणत्याने संचित, क्रियमाण, प्रारब्ध असे सगळे समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "महाराज, तुमचं ग्यान खरं असंल. पर दोन दिस झालं, नातवंडांनी काय खाल्लं, ते कुणी इचारलं न्हाई."

या उत्तरात मोठा सिद्धांत आहे. प्रारब्धाचा विचार खोटा नाही; पण तो कोणी कोणाला लावावयाचा, याला मर्यादा आहे. माझ्यावर दुःख आले तर मी प्रारब्ध म्हणावे. त्याने दुसऱ्यावरचा राग शमतो, सोसण्याचे बळ येते. दुसऱ्यावर दुःख आले तर प्रारब्ध हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. तेथे माझे काम एकच, भाकर घेऊन जाणे. तेच औषध आपण स्वतः न घेता दुसऱ्याला पाजू लागलो, की त्याचे विष होते. त्या साथीत घरचे लोक धजत नव्हते तेव्हा परक्या माणसांनी प्रेतांना अग्नी दिला. त्यांनी कोणाचे प्रारब्ध विचारले नाही, की जातही विचारली नाही.

आणखी एक. पुष्कळ प्रश्न आपण देवाच्या नावावर टाकतो, पण तो हिशेब असतो आपल्या वहीतला. चोखोबाराय सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. समाधी महाद्वारासमोर, बाहेर. "देवा, तुझ्या भक्ताला तू आत का घेतले नाहीस?" असे विचारावेसे वाटते. पण दाराची कडी देवाने लावली नव्हती. ती माणसांनी लावली होती आणि माणसांनीच काढायची होती. त्यासाठी सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा सर्वांना दार उघडले. मधे सहाशे वर्षे गेली! एवढा काळ प्रश्न देवाला विचारला जात होता, आणि उत्तर आपण अडवून धरले होते.

सगळेच प्रश्न असे नसतात, हेही खरे. तरणा मुलगा का गेला, याचे उत्तर कोणाच्या वहीत सापडत नाही. तेथे उगीच उत्तर रचू नये. माहीत नसताना देवाची वकिली करणे ही भक्ती नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "मग दया केली की झालं! भजन, वारी, एकादशी कशाला?" तसे नव्हे. नामावाचूनची दया लवकर थकते. नाही थकली तर 'मी केलं' म्हणून फुगते. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, त्याने हा फुगा फुटतो. आणि दयेवाचूनचे नाम? नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. विधी मोडला असे ज्याला वाटेल, त्याने ती कावड कोणाला पोचली याचा विचार करावा.

तेव्हा ज्याच्या मनात शंका आहे, त्याने माळ काढू नये आणि शंका लपवूही नये. रोजचा नेम जमेल तेवढा चालवावा. गोडी नसली तरी चालवावा. एखाद्या विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करावे. आणि दिवसातून एक तरी काम असे करावे, की ज्याने दुसऱ्याचे ओझे हलके होईल. आजाऱ्याला पाणी, पोराला वहीपुस्तक, म्हाताऱ्याला दवाखान्यापर्यंत सोबत. ज्याच्या मनात शंका नाही, त्याने अशा माणसाला अभागी म्हणू नये. दिंडीत त्याला आपल्याजवळ चालू द्यावे. पंढरीची वाट चालायला पाय लागतात. मन कधी पुढे धावते, कधी मागे रेंगाळते; पाय मात्र सोबतीने चालत असले, म्हणजे मुक्काम गाठता येतो.

रामकृष्णहरि.