स्मृतीचे सोने आणि गृहस्थधर्म

रायपूरजवळचे सिलतरा हे गाव आज लोखंड-पोलादाच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. तेथे एका आप्ताकडे मी उतरलो असता त्यांनी देवघरातील डबीतून एक इवलेसे सुवर्णनाणे काढून दाखविले. संग्राहकांकरिता पाडलेले ते स्मृतिनाणे त्यांच्या कैलासवासी वडिलांनी हौसेने घेतले होते. शेजारच्या कामगाराच्या मुलीच्या औषधोपचारास पैसा कमी पडत होता. "शास्त्रीबुवा, मोडावे तर वडिलांची खूण जाते, ठेवावे तर मन खाते. करावे काय?" असे त्यांनी विचारले.

सोन्यात स्मृती राखण्याची ही हौस जुनीच. ह्याच दक्षिण कोसलात महेंद्रादित्याची सुमारे पाचव्या-सहाव्या शतकांतील नाणी सापडली आहेत. पातळ सुवर्णपत्र्यावर मागून ठोकून एकाच बाजूस गरुड व राजाचे नाव त्यांवर उठविलेले आहे. १६७४ साली राज्याभिषेक झालेल्या शिवछत्रपतींचा होन आज अति दुर्मिळ आहे. स्वित्झर्लंडच्या टांकसाळीने तर २०२० साली आइन्स्टाइनच्या मुद्रेचे अवघे ०.०६३ ग्रॅम वजनाचे नाणे काढले. ते पाहावयास भिंग लागते.

परंतु नाण्याचा धर्म चलन हा होय. जे चालावयाचेच नाही त्याचा धर्म कोणता? स्मरण. आता कोणी म्हणेल की, अशा खुणा विकू लागलो तर घरात पूर्वजांचे काय उरेल? शंका रास्त आहे. आणि म्हणूनच संग्रहमात्र दोष नव्हे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा गरज दाराशी उभी असता डबीकडे जाणारा हात अडतो. त्या क्षणी वस्तू धनी होते व आपण तिचे राखणदार.

ढेकूळ, दगड व सोने समान मानणारा योगी गीतेने सहाव्या व चौदाव्या अध्यायांत वर्णिला आहे. ह्याचा अर्थ, त्यास सोन्याची किंमत कळत नाही, असा नव्हे. ढेकळाने औषध येत नाही, सोन्याने येते, हे तोही जाणतो. फक्त ते देताना त्याचे चित्त हलत नाही. गृहस्थाचे चित्त हलेल. तरीही त्याने द्यावे. अभ्यास तो हाच.

आप्तांनी दुसरे दिवशी नाणे मोडले. सराफाने केवळ सोन्याचा भाव दिला, हौसेचा नाही. रक्कम थोडीच आली. परंतु ती पोहोचली. वडिलांचे नाव त्या देवघरात आजही नित्य घेतले जाते. सुज्ञ वाचकांनी आपापल्या घरातील डबी एकदा उघडून पाहावी.