पितृऋण आणि पगारी हात

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरहून फार लांब नाही, पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. मुद्गलेश्वराचं दर्शन घ्यावं, नदीत बुडी मारावी, की माणूस ऋणातून सुटतो अशी श्रद्धा. 1905 साली घर सोडलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, सुरुवातीच्या वर्षांत याच काठावर राबायला सुरुवात केली. लोक ऋण फेडायला पाण्यात उतरत आणि हा माणूस त्यांचे पाय घसरू नयेत म्हणून चिखलावर भर टाकत बसे.

आजच्या दर्यापुरात आईबापांचं ऋण वेगळ्याच रूपात दारात उभं आहे. गावच्या बनोसा स्टेशनावरची शकुंतला रेल्वे बंद पडली, पण मुलं पुण्याला, नागपूरला, त्याही पलीकडे जायची थांबली नाहीत. मागे राहतात दोन म्हातारी माणसं, पुढे एकच. मग मुलांपुढे दोन वाटा उरतात: वृद्धाश्रम, नाहीतर चोवीस तास घरात राहणारी बाई. वृद्धाश्रम म्हटलं की गाव नाक मुरडतं. बाई ठेवली की मात्र सगळं निभावून जातं. ‘माय घरीच हाये नं, आश्रमात थोडी टाकली!’ हे वाक्य बोलणाऱ्यालाही दिलासा देतं आणि ऐकणाऱ्यालाही. दिलासा ठीक आहे. पण पगार देऊन करून घेतलेली सेवा मुलाच्या खात्यावर जमा होते का?

शास्त्राकडे गेलं तर पंचाईत होते. तैत्तिरीय संहितेत सांगितलेल्या ऋणांपैकी पितरांचं ऋण फिटतं ते संततीने. जिवंत आईचं ओलं अंथरूण बदलण्याचा त्यात उल्लेखही नाही. ती जबाबदारी मराठी मनावर टाकली पुंडलिकाने. आईबापांची सेवा चालू आहे म्हणून देवाला विटेवर उभं ठेवणारा हा मुलगा आपल्याला इतका पाठ आहे, की एक प्रश्न कोणी विचारतच नाही: त्या घरात चूल कोण पेटवत होतं? वऱ्हाडातल्या कुठल्याही वाड्यात डोकावलं तर उत्तर सापडतं. मुलाच्या नावावर मांडलेली सेवा बहुतेक वेळा सुनेच्या हातांनी होत आली. तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती, आणि पुण्यही नवऱ्याच्याच नावावर. सेवा दुसऱ्याच्या हातून करून घेणं ही काही बाया पुरवणाऱ्या आजच्या ब्यूरोवाल्यांनी काढलेली टूम नव्हे.

विदर्भातल्याच उटी गावच्या सीताराम गावंडे यांची हकिकत त्यांचे नातू, अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या 2014 च्या पुस्तकात लिहिली आहे. आजोबा जवळपास एकशे दहा वर्षं जगले, शेवटपर्यंत मुलाच्या कुटुंबात राहिले आणि उतारवयातही घोड्यावर बसून शेताला फेरी मारत. गावंडे या चित्रावर भाळत नाहीत. म्हाताऱ्याचा हा मान घरच्या माणसांच्या कष्टांवर उभा होता आणि जमीन त्याच्या हाती होती, हे ते झाकत नाहीत. शेती तुकड्यातुकड्यांत वाटली गेल्यावर दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्या म्हाताऱ्याने तो मान कुठून आणायचा?

रक्ताचं नातं नसताना सेवा कशी दिसते, हे पाहायला अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला जावं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट ही त्यांची शिष्यमंडळी तिथे त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभू वेड्यासारखे वागत. कुणाच्याही घरात शिरत, खाण्यासाठी हट्ट धरत, रुसत, शिव्या देत. आजच्या घरात यालाच ‘म्हाताऱ्याने ताप दिला’ म्हणतात. म्हाइंभटाने मात्र ते सगळं लीळा म्हणून नोंदवलं, तेही काही न गाळता, आणि त्यातून मराठीतला एक आद्य चरित्रग्रंथ उभा राहिला. या शिष्यांना गोविंदप्रभूंत ईश्वर दिसत होता. पगारी बाईकडून ती अपेक्षा करणं चूक. तरी एवढं नक्की ठरतं, की सेवेला रक्त लागत नाही. समोरच्याचा हट्टही माणसाचा हट्ट म्हणून पाहणारं कोणीतरी लागतं. रोज चहात साखर किती, रात्री कितीदा उठावं लागतं, कुठल्या आठवणीला रडू येतं, हे जिला ठाऊक आहे तिची सेवा पगारामुळे बाटत नाही. आणि हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याच घरात झोपत असला तरी सेवेकरी ठरत नाही.

गाठ पुढेच आहे. त्या बाईलाही आई असते. तिची आई गावात एकटी, आणि ती दुसऱ्याच्या आईच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून. एका घरातलं ऋण फिटताना दुसऱ्या, अधिक गरीब घरावर ते चढतं. याचं उत्तर कुठल्याही पोथीत नाही आणि कायद्यातही नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांना मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सुचवली होती, पण ते संमत झालं नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला; पण रात्री तीनला हाक आली की ती कामाची वेळ की झोपेची, हे अजून घरमालकाच्या मर्जीवरच ठरतं.

म्हणून ज्यांनी घरी बाई ठेवली आहे त्यांनी पुण्याचा हिशेब जरा बाजूला ठेवावा. तिची झोपायची जागा, रात्रीची विश्रांती आणि महिन्याच्या सुट्ट्या आधी कागदावर लिहून द्याव्यात. त्या सुट्टीत बदली बाई बोलावू नये. पुण्यात राहणाऱ्या मुलाने स्वतः दर्यापूरची गाडी पकडावी आणि तेवढे दिवस आईचं अंथरूण आपल्या हाताने बदलावं. बाईला त्या दिवसांत तिच्या आईकडे जाऊ द्यावं, भरपगारी.