झेलेन्स्कींचा टी-शर्ट, चिरोलचे पुस्तक

युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा अकोल्याच्या बाजार समितीत खरा प्रश्न होता, ‘लढाई चालली तं सोयाबीन चढन काय?’ मार्च 2022 मध्ये भाव सात हजारांवर होता. झेलेन्स्की मात्र आपल्याकडे वेगळ्या वाटेने आले. अकोला-अमरावतीच्या दैनिकांना कीवमध्ये बातमीदार ठेवणे कुठून परवडणार? वृत्तसंस्था पाठवील तोच फोटो, तोच मथळा.

25 फेब्रुवारीच्या रात्री झेलेन्स्की अध्यक्षीय कार्यालयाबाहेर मोबाईल धरून उभे राहिले. मागे पंतप्रधान आणि सहकारी. एकेकाचा उल्लेख करत ते एवढेच सांगत होते, की आम्ही सगळे इथेच आहोत. मालिकेत राष्ट्राध्यक्ष रंगवून 2019 मध्ये खरोखरचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या नटाला कॅमेरा कळणारच. तरी त्या रात्रीचे धैर्य अस्सल होते. पुढे पाश्चात्त्य पत्रांनी त्यांचा चर्चिल केला, ‘टाइम’ने मुखपृष्ठावर बसवले. आणि 28 फेब्रुवारी 2025 ला व्हाइट हाऊसमध्ये एका वार्ताहराने सगळ्यांदेखत विचारले, सूट का घालत नाही? तीन वर्षे जो साधा पेहराव शौर्याची खूण होता, तो आता उद्धटपणा ठरला. मधल्या काळात वॉशिंग्टनचे सरकार बदलले होते, माणूस नव्हे.

वऱ्हाडाला ही तऱ्हा जुनीच. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना 1910 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या अशांततेवर लेखमाला आणि मग पुस्तक लिहिले. त्यांच्या मते या असंतोषाचे जनक टिळक. हा आरोप होता, बरे का! आपण तो शाळेत गौरव म्हणून पाठ केला. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1919 मध्ये लंडनच्या कोर्टात हरले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, 1897 च्या तिथल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष, टिळकांना मंडालेची शिक्षा होताच चालती वकिली सोडून लंडनला गेले आणि 1910 पर्यंत तिथे त्यांच्या सुटकेची खटपट करत राहिले. त्यांना काही यश आले नाही. चिरोल ज्यांच्यासाठी लिहीत होते तो इंग्रज वाचक राज्य टिकवू पाहणारा होता. अमरावतीच्या वकिलाचे म्हणणे त्याला कशाला हवे होते?

झेलेन्स्कींवर लिहिणारेही आपापल्या मतदारांसाठी लिहितात. शस्त्रांचा खर्च पटवायचा असला की वीर, नको झाला की हट्टी. यात युक्रेनची माणसे कुठे बसवायची हा प्रश्नच पडत नाही. जुलै 2025 मध्ये झेलेन्स्कींनी भ्रष्टाचारविरोधी संस्थांचे हातपाय बांधणाऱ्या कायद्यावर सही केली. ऐन युद्धात कीवची तरुण पोरे पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन रस्त्यावर उतरली, आणि महिना संपायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली. ती पोरे काही रशियाची बाजू घ्यायला आली नव्हती. लढाई चालू ठेवा आणि चोरीही करू नका, असे त्यांचे दुहेरी म्हणणे होते. वीराच्या चौकटीत ते मावेना आणि हट्ट्याच्याही. मग दोन दिवसांत बातमी आतल्या पानावर गेली.